डेगूंची साखर

उंदीर पाळावेत असं कुणाच्या मनात सुखासुखी येत नाही. निरीक्षकसाहेबांच्या मनात ते सासऱ्यांच्या पायामुळे आलं.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक. बाजारात कोणता दुकानदार दांडी मारतो, कुणाच्या वजनाला खालून भोक पाडलंय, हे आपल्याला दुकानाची पायरी चढतानाच कळतं असं ते म्हणत. खात्यातले बाकीचे लोक असं म्हणत नसत, पण खातं म्हटलं की हेवेदावे आलेच. खोटा तराजू सापडला की तो फडक्यात बांधायचा, गाठीवर लाख ओतायची आणि लाखेवर सरकारी शिक्का उमटवायचा, यापरता दुसरा आनंद त्यांना ठाऊक नव्हता. घरातही त्यांचा असाच दरारा असता, पण घरात त्यांची बायको होती.

सासऱ्यांची जन्मभर बेकरी. भट्टीतून निघालेला पहिला गोड पाव स्वतः चाखल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. हा नेम पाळता पाळता साखरेनं त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा नेला. मुलीनं बेकरी विकायला लावली आणि वडिलांना आपल्याकडे आणलं. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, की साखर अशीच राहिली तर पुढच्या खेपेला अंगठ्यावर भागणार नाही, पाऊल काढावं लागेल. त्या दिवसापासून घरातल्या साखरेच्या डब्याला कुलूप लागलं. साहेबांचा चहासुद्धा फिका झाला, आणि त्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

सासरे तक्रार करत नसत. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहत, जणू भिंत अजून नीट भाजली गेलेली नाही. डॉक्टर म्हणाले, रिकामा माणूस खाण्याचाच विचार करतो, त्यांना सांभाळायला काहीतरी द्या. कुत्रा द्या, मांजर द्या.

इथे पहिली ठेच लागली. साहेबांच्या इमारतीत कुत्रा, मांजर आणि पक्षी पाळायला सक्त मनाई होती. नियमावली इतकी कडक होती की त्यातून मुंगी शिरायची नाही, आणि ती स्वतः साहेबांनी लिहिलेली होती. आता ते तीच नियमावली घेऊन बसले आणि दुसऱ्या कुणी लिहिली असावी तशा तिच्यातल्या पळवाटा शोधू लागले. उंदरांचा उल्लेख कुठेच नव्हता. उंदीर कुणी पाळेल हे लिहिणाऱ्याला सुचलंच नव्हतं, आणि लिहिणाऱ्याच्या या मर्यादेबद्दल साहेबांनी त्याला मोठ्या मनानं माफ केलं.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात पांढरे उंदीर होते, पण ते साहेबांना प्रयोगशाळेतून पळून आल्यासारखे वाटले. मग दुकानदारानं डेगू दाखवले. उंदरापेक्षा मोठे, खारीपेक्षा लहान, शेपटीच्या टोकाला केसांचा झुपका. हा प्राणी दिवसा जागा असतो, असं दुकानदार म्हणाला. दिवसा जागं असणं ही गोष्ट साहेबांच्या कचेरीतही विरळाच, त्यामुळे त्यांचं मत लगेच चांगलं झालं. एकटा ठेवला तर झुरतो म्हणून जोडीच न्यावी लागेल, हेही त्यांनी ऐकलं. त्यापुढे दुकानदार बराच वेळ एकेक बोट मोजत काय करायचं, काय करायचं नाही ते समजावत होता. पण साहेबांची नजर तेव्हा त्याच्या टेबलावरच्या काट्याकडे गेली होती. काट्यावर यंदाचा शिक्का दिसत नव्हता. तो मागच्या बाजूला आहे हे मान वाकडी करून पाहीपर्यंत दुकानदाराचं सांगून संपलं होतं, आणि साहेबांनी समजल्यासारखी मान हलवून पिंजरा उचलला.

बायकोनं पिंजरा पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, हे उंदीर आहेत."

"डेगू आहेत."

"मिशा आहेत, शेपूट आहे, दात आहेत. मी सांगून ठेवते, या पिंजऱ्याला मी जन्मात हात लावणार नाही. त्यांचा भुसा, त्यांचं गवत, सगळं तुमचं तुम्ही बघा."

साहेबांनी हे बोलणं कानाआड केलं. सासऱ्यांनी मात्र ते नीट ऐकून घेतलं.

प्राणी माणसाळवण्याचं शास्त्र असतं, ते साहेबांनी एका पुस्तिकेतून आत्मसात केलं. रोज पिंजऱ्यात हात ठेवून निश्चल बसायचं आणि हळू आवाजात बोलत राहायचं, म्हणजे प्राण्याला माणसाचा वास आणि आवाज ओळखीचा होतो. उंदरांशी काय बोलावं हे न सुचल्यामुळे साहेब त्यांना वजनमापांचा कायदा वाचून दाखवत. पहिलं प्रकरण डेगूंनी शांतपणे ऐकलं. दंडाच्या तरतुदी आल्या तेव्हा एकानं तर्जनीला आणि दुसऱ्यानं अंगठ्याला चावा घेतला. कचेरीत साहेबांनी बोटं तराजूत सापडली म्हणून सांगितलं, आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर बोटं तराजूत कशी सापडतात यावर कचेरीत आठवडाभर चर्चा झाली.

सासऱ्यांनी ना पुस्तिका वाचली ना कायदा. ते नुसता पिंजऱ्यात हात घालत. आणि काय आश्चर्य, दोन्ही डेगू धावत यायचे, बाहीतून वर चढायचे, खिशात उतरायचे आणि मिशा बाहेर काढून बसायचे. सासरे हसायला लागले. जेवताना बोलायला लागले. वडिलांना हसताना बघून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं लांबूनच का होईना, पिंजऱ्याकडे बघायला सुरुवात केली. साहेबांनाही आनंद झाला, पण तो लपवणं त्यांना मुळीच जड गेलं नाही. पट्ट्या बांधलेला हात मागे घेऊन ते म्हणाले, काही लोकांच्या हाताला उपजत गुण असतो.

वरच्या मजल्यावरच्या काकू रोज येऊन सल्ले देऊ लागल्या. डेगूंचे दात नारिंगी आहेत, हे काविळीचं लक्षण आहे, ते राखेनं घासावेत, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी शास्त्र म्हणून एकदा तेही करून पाहिलं आणि तिसऱ्या बोटाला पट्टी बांधून आले. डेगूचे दात नारिंगीच असतात, हे त्यांना पुढे कळलं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. नियमात उंदीर नाहीत हे त्यांनी मान्य केलं, पण नगरपालिकेची परवानगी आणा म्हणाले. कायद्याचा माणूस कायद्याला घाबरत नाही, म्हणून साहेबांनी रीतसर अर्ज केला. परवाना खिडकीवरच्या कारकुनाकडे एक रकाना कुत्र्यांचा होता आणि एक गुरांचा. उंदीर कशातच बसेनात. बराच विचार करून तो म्हणाला, "उंदरांचं खातं वेगळं आहे. तिकडे पाठवतो."

उंदरांचं खातं खरोखरच होतं. काही दिवसांनी सकाळीच दारात खाकी कपड्यांतला एक माणूस उभा राहिला, एका हातात सापळा, दुसऱ्या हातात पोतं.

"तुमचा अर्ज मिळाला," तो म्हणाला. "दोन उंदीर आहेत ना? दाखवा."

हे मारायचे नसून पाळायचे आहेत, हे त्या उंदीरवाल्याला समजावताना साहेबांच्या तोंडाला फेस आला. उभ्या नोकरीत असा अर्ज कुणी केला नव्हता, असं म्हणून तो मटकन खुर्चीत बसला. एवढ्यात त्याचं लक्ष सासऱ्यांकडे गेलं. तो उठून उभा राहिला. आपल्या चाळीच्या नाक्यावरच्या याच बेकरीवाल्यांचा गोड पाव खाऊनच तो लहानाचा मोठा झाला होता. दोघं आत बसून बराच वेळ बोलले. बाहेर आल्यावर उंदीरवाल्यानं कागदावर शेरा मारला, "उंदीर निरीक्षणाखाली", आणि आता दर आठवड्याला तपासणीला यावं लागेल असं गंभीरपणे सांगून गेला.

साहेबांना भरून आलं. जगात अजून एक खातं आहे जे आपलं काम वेळेवर करतं. उंदीरवाला खांद्यावर पिशवी घेऊन आला की साहेब स्वतः त्याला सासऱ्यांच्या खोलीत सोडत आणि दार ओढून घेत. तपासणी चालू असताना तिऱ्हाइतानं मध्ये तोंड घालायचं नसतं, हे तपासनिसाखेरीज कुणाला कळणार.

सेक्रेटरींचं मात्र समाधान झालं नव्हतं. ते शहानिशा करायला आले तेव्हा काकू पिंजऱ्याचं दार उघडून दात बघत होत्या. एक डेगू उडी मारून बाहेर आला आणि टेबलावरून धावत सुटला. सेक्रेटरींनी शौर्य दाखवलं. त्यांनी झडप घालून त्याची शेपटी पकडली.

डेगू पुढे निघून गेला. शेपटीचं कातडं, झुपक्यासकट, सेक्रेटरींच्या चिमटीत राहिलं.

सेक्रेटरींनी हातातल्या वस्तूकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि ते जमिनीवरच बसले. काकूंनी पाणी आणलं ते घाईत डेगूवर शिंपडलं. बायको दोन्ही हात तोंडावर ठेवून भिंतीला टेकली होती.

"मी ओढली नाही हो," सेक्रेटरी क्षीण आवाजात म्हणाले. "मी नुसती धरली होती."

उरलेली शेपटी वाळून गळून पडली, जखम भरली, आणि त्या डेगूचं नाव भुंड्या पडलं. दुसऱ्याला आपोआपच शेपटीवाला म्हणू लागले. त्यानंतर सोसायटीच्या एकाही बैठकीत उंदरांचा विषय निघाला नाही. कुणी काढलाच तर सेक्रेटरी घाईनं पाण्याच्या टाकीबद्दल बोलत.

इकडे एक विलक्षण गोष्ट घडत होती. बायको वडिलांचं बोट टोचून घरातल्या मीटरवर साखर बघायची, आणि ती दर वेळी आधीपेक्षा जास्त निघायची. तिला हे कोडं उलगडेना. ताटातला घासन् घास तिच्या नजरेखालून जात होता. तिनं कपाटं तपासली, गादी उलटी केली, वडिलांचे बूटसुद्धा झटकून पाहिले. कुठे गोडाचा कण नव्हता. ती रडकुंडीला आली. साहेब मात्र शांत होते, कारण हा त्यांचा प्रांत होता.

"माल कमी आणि काटा जास्त दाखवतो, तेव्हा खोट काट्यात असते," ते म्हणाले.

त्यांनी मीटरची रीतसर तपासणी केली. पट्टीवर साखरेचं पाणी टाकलं, मीटरनं चूक दाखवली. साधं पाणी टाकलं, मीटरनं चूक दाखवली. चहा टाकला, तेव्हा मीटर बंद पडलं. पुरावा पुरेसा होता. साहेबांनी मीटर फडक्यात बांधलं, गाठीवर लाख ओतली आणि शिक्का मारला. सासरे हे सगळं मोठ्या आदरानं बघत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस घरात असल्यावर काळजी नाही."

लग्नानंतर इतक्या वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले चांगले शब्द. साहेब दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते. नवं मीटर आणायचं ठरलं, पण कोणतं घ्यावं याची चौकशी साहेबांनी स्वतःकडे घेतल्यामुळे ते काही आलं नाही.

आणि मग एका सकाळी वडिलांची नखं कापताना बायकोला त्यांच्या उजव्या पायावर, गेलेल्या अंगठ्याशेजारी, जखम दिसली. कडा काळ्या पडल्या होत्या. तिच्या हातातून नखं कापायचं यंत्र गळून पडलं. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला, असं ती म्हणाली. सासरे जागचे हलले नाहीत. आधी यांना दाखवायचं, म्हणाले. त्यांच्या मांडीवर पिंजरा होता. भुंड्याच्या आणि शेपटीवाल्याच्या डोळ्यांवर पांढरी साय आली होती, आणि दोघं एकमेकांवर आपटत होते. पायाबद्दल चकार शब्द न बोलणारा माणूस उंदरांच्या डोळ्यांसाठी हट्टाला पेटला होता. शेवटी वाद घालण्यात वेळ घालवण्यापेक्षा सगळे आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले, पिंजरा, गवताची पिशवी आणि लंगडणारे सासरे यांसह.

जनावरांचे डॉक्टर गाईम्हशींचे. त्यांनी आपल्या पंजात भुंड्याला उचललं, डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "यांना गोड कोण खायला घालतं?"

कुणी नाही, असं साहेबांनी ठामपणे सांगितलं. डॉक्टरांनी भुंड्याच्या रक्ताचा थेंब मीटरवर घेतला, मग शेपटीवाल्याचा. दोन्ही आकडे पाहून साहेब मंद हसले.

"डॉक्टर, ही मीटरं फसवी असतात. आमच्या घरचं असंच जास्त दाखवत होतं. मी सील केलंय."

डॉक्टरांनी आजवर बैलांच्या लाथा खाल्ल्या होत्या, पण त्यांच्या यंत्रावर कुणी संशय घेतला नव्हता. त्यांनी स्वतःचं बोट टोचलं आणि आकडा साहेबांच्या नाकासमोर धरला. आकडा निरोगी माणसाचा होता.

"या जातीला गोड म्हणजे विष," ते म्हणाले. "साखर वाढते आणि डोळे जातात. शेपटीला धरायचं नाही आणि गोड द्यायचं नाही, एवढं तर कुठलाही दुकानदार सांगतो. तुम्हाला सांगितलं नाही?"

साहेबांच्या डोळ्यांसमोर दुकानदाराचे हलणारे ओठ आले. मीटर खरं होतं. हे खरं होतं, तर घरचंही खरंच होतं, आणि ते आपण आपल्या हातानं लाख ओतून बंद केलं.

बायको वडिलांकडे बघत होती. मग तिनं ती गोष्ट केली जी ती कधीच करणार नव्हती. तिनं डेगूंच्या गवताच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. आधी बिस्किटं निघाली. मग कागदात गुंडाळलेला अर्धा गोड पाव निघाला, अगदी ताजा.

"बाबा," ती म्हणाली.

सासऱ्यांनी मान खाली घातली. उंदीरवाला आणून देत होता, त्याला दोष देऊ नको, मीच मागितलं, असं ते म्हणाले. थोडं मी खायचो, थोडं यांना द्यायचो.

"पायाचं काय गं, या वयात मला कुठे धावायचंय. पण यांचे डोळे जातील हे मला माहीत नव्हतं." त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "परत येतील का हो?"

डॉक्टर म्हणाले, गेलेलं येत नाही. पण गोड आज बंद केलं तर जगतील. वासावर आणि मिशांवर चालवून घेतील.

मग, एरवी तीनदा विनवल्याशिवाय हात पुढे न करणाऱ्या सासऱ्यांनी, न सांगता आपलं बोट डॉक्टरांपुढे धरलं. आकडा आला तसं मुलीनं तोंड फिरवलं आणि ती रडायला लागली. रडता रडता ती नवऱ्याला म्हणाली, "आणि तुम्ही सील केलंत." साहेबांना तोंडात मारल्यासारखं झालं. तिथून सगळे थेट माणसांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी जखम बघून सांगितलं, की साखर खाली आली तर पाऊल वाचेल, नाही आली तर पुढच्या वेळी बोलायला काही उरणार नाही.

उंदीरवाला पुढच्या तपासणीला आला तेव्हा दार बायकोनं उघडलं. ती काय बोलली ते साहेबांना ऐकू आलं नाही. तो मात्र पिशवी तिथेच टाकून गेला, आणि खात्यानं तपासणी कायमची बंद केली.

घरात आता गोडाचा कण उरला नाही, आणि मग सगळ्यांना आणखी एक धक्का बसला. सासऱ्यांनी पिंजऱ्यात हात घातला आणि कुणी आलं नाही. भुंड्यानं बोटं हुंगली आणि पाठ फिरवली. शेपटीवाला जागचा हललाच नाही. साहेबांना क्षणभर गुदगुल्या झाल्या, म्हणजे हाताचा गुण वगैरे काही नव्हतं तर. मग सासऱ्यांचा चेहरा पाहून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"लाचखाऊ निघाले," ते समजूत घालायला म्हणाले.

"लाच देणारा मीच ना," सासरे म्हणाले.

पण ते उठले नाहीत. रोज दुपारी पिंजऱ्याचं दार उघडायचं, रिकामा तळवा वर करून आत ठेवायचा आणि बसून राहायचं. दिवसामागून दिवस गेले. गोडाचं नावही त्यांनी काढलं नाही. मुलीचा मात्र विश्वास उडाला होता. ती सकाळ-संध्याकाळ त्यांचे खिसे उलटे करून बघे, बाह्या झटके. नवं मीटर तिनं स्वतः आणलं आणि साहेबांच्या हाती लागणार नाही असं ठेवलं. आकडे हळूहळू उतरू लागले. जखमेच्या कडा लाल झाल्या, मग गुलाबी. एक दिवस डॉक्टर म्हणाले, पाऊल राहतं. तिनं त्यांना पट्टी काढून पुन्हा बघायला लावलं.

त्यानंतरच्याच एका दुपारी साहेब जेवून हात पुसत दारात उभे होते. सासऱ्यांचा हात नेहमीसारखा पिंजऱ्यात होता. भुंड्या कोपऱ्यातून निघाला, मिशांनी चाचपडत आला, बोटाशी थांबला. मग चढला आणि तळव्याच्या मधोमध अंग मुडपून बसला. सासऱ्यांनी श्वास रोखला. अगदी सावकाश हात बाहेर काढून त्यांनी तो मांडीवर टेकवला.

बायको स्वयंपाकघरातून आली आणि जागीच थांबली.

"हातात काय आहे?"

"काही नाही गं."

"दाखवा."

दाखवणार कसं, तळव्यावर भुंड्या बसलेला. सासऱ्यांनी असहायपणे तिच्याकडे पाहिलं. ती तरातरा पुढे आली आणि, साहेबांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना, तिनं वाकून दोन्ही हातांनी भुंड्याला उचललं. त्याच्याखाली बघितलं. तळवा रिकामा होता. भट्टीचे जुने चटके होते, बाकी बिस्किटाचा चुरासुद्धा नव्हता. ती त्या तळव्याकडे बघत राहिली, बराच वेळ, आणि तिच्या चेहऱ्यावरचा इतक्या दिवसांचा ताण उतरत गेला. भुंड्यानं तिच्या मनगटाला नाक लावलं आणि तिच्या ओंजळीत तसंच अंग मुडपून घेतलं.

"ठेव की परत," सासरे हात पुढे करून म्हणाले.

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि वडिलांशेजारी खाली बसली.